घेऱ्यापासून जाळीपर्यंत: सातारा-सांगलीतल्या मोक्याच्या जागांची राखण

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत सध्या नव्या कुंपणांची भर पडते आहे. शेतीपंपांना सौर वीज देण्यासाठीची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये आली, २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. उपकेंद्रांच्या जवळपासच्या सरकारी जमिनींवर आणि गायरानांवर सौर पॅनेल उभी राहू लागली. त्याआधीपासून ताकारी, म्हैसाळ आणि टेंभू या उपसा सिंचन योजनांची पंपगृहे आहेत, गावोगावची वीज उपकेंद्रे आहेत, चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावरच्या पवनचक्क्या आहेत आणि या सगळ्यांच्या वरचढ कोयना धरण आहे. अशा जागेला कुंपण घालायची वेळ आली की बहुतेकदा चर्चा उंची, तारेचे गेज म्हणजे जाडी, खांबांमधले अंतर आणि रनिंग मीटरचा दर यांपाशीच संपते. कोण आत येईल, त्याला किती वेळ थोपवायचे आणि तेवढ्या वेळात धावून कोण येणार, हे प्रश्न मागे राहतात. आपल्याच भागाचा इतिहास पाहिला तर हे प्रश्न सर्वांत आधी विचारले जात होते, असे दिसते.

शिवकाळातल्या गडाचा बचाव तटापासून सुरू होत नसे. पायथ्याच्या मुलखाला घेरा म्हणत. अनेक गडांच्या घेऱ्यात आणि उतारावर मेटे, म्हणजे चौक्या असत. तिथल्या रामोशी, बेरड, महार, मांग मंडळींना राखणीच्या बदल्यात वतन मिळे. परका माणूस डोंगर चढू लागला की पहिली बातमी तिथून वर जाई. त्यानंतर झाडी, मग कडा, मग माची, तट आणि शेवटी बालेकिल्ला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या उतारावरची झाडी वाढवावी, तिच्यातली काठीही तोडू देऊ नये, अशी ताकीद आहे. तिथेच असेही बजावले आहे की गडाला एकच दरवाजा असू नये. झाडी शत्रूची चाल मंद करते आणि वरच्यांना सावध व्हायला अवधी मिळतो. आज सुरक्षेच्या अभ्यासक्रमात ओळखणे, रोखून धरणे आणि प्रतिकार करणे अशा तीन पायऱ्या शिकवतात. गडाच्या रचनेत त्या तिन्ही होत्या आणि त्यांचा क्रमही हाच होता.

याची कसोटी साताऱ्यातच लागली. डिसेंबर १६९९ मध्ये औरंगजेबाने अजिंक्यताऱ्याला वेढा घातला. किल्लेदार प्रयागजी प्रभू होते. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले. एका स्फोटात गडावरची माणसे गाडली गेली. दुसऱ्यात तट बाहेरच्या बाजूला कोसळला आणि चढाईसाठी खाली थांबलेले शेकडो मोगल सैनिकच त्याखाली सापडले. तटाला खिंडार पडूनही गड त्या दिवशी पडला नाही. मार्चमध्ये राजाराम महाराजांचे निधन झाले होते, बाहेरून मदत येण्याची आशा उरली नव्हती, तेव्हा एप्रिलच्या उत्तरार्धात वाटाघाटी होऊन तो मोगलांना मिळाला. तटाने चार महिने मिळवून दिले. पण मिळालेल्या वेळात मदतीला येणारे कोणी नसेल तर जगातला कुठलाही तट कमीच पडतो.

शेताच्या राखणीची रीत वेगळी होती. बांधावर शेर किंवा निवडुंग, माळाच्या कडेला घायपात, दगड मुबलक तिथे गडगा आणि वाटेवर बाभळीच्या काट्यांची शिरी. इंग्रजांनी हीच रीत अवाढव्य प्रमाणावर वापरली. मीठकरासाठी त्यांनी सिंधूपासून महानदीच्या खोऱ्यापर्यंत आडवी सीमा आखली. १८६९ च्या सुमारास तिची लांबी सुमारे ३,७०० किलोमीटर होती आणि तिच्या मोठ्या भागावर काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण होते. त्या खात्याचे आयुक्त होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. एवढ्या काट्यांच्या जोडीला सुमारे १२,००० माणसे पहाऱ्यावर ठेवावी लागली, तरी चोरटे मीठ येतच राहिले. १८७९ मध्ये ही सीमा मोडीत काढली.

तारेचे युग तोवर सुरू झाले होते. स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्याने गंज रोखायला लोखंडावर जस्ताचा थर चढवण्याच्या पद्धतीचे पेटंट १८३७ मध्ये घेतले. तारेची जाळी विणणारे यंत्र १८४४ मध्ये इंग्लंडमधल्या नॉरिच इथे बनले, तेही कापडाच्या मागावरून सुचलेले. विट्याच्या मागवाल्यांना ही हकीकत आवडावी. अमेरिकेत इलिनॉयच्या जोसेफ ग्लिडन या शेतकऱ्याला काटेरी तारेचे पेटंट २४ नोव्हेंबर १८७४ रोजी मिळाले. ती तार गुरे अडवण्यासाठी होती. बोअर युद्धात इंग्रजांनी ती माणसे अडवायला वापरली, पहिल्या महायुद्धात खंदकांपुढे तिची जाळी पसरली आणि तिथून ती तुरुंग, छावण्या, कारखाने सगळीकडे पोचली. हा उगम विसरता कामा नये. काटेरी तार जनावराला टोचते आणि ते मागे फिरते. माणूस तिच्यावर गोणपाट टाकतो आणि ओलांडून जातो.

आपल्याकडे याच तारांच्या काळात मोठी शिकवण १९४३ मध्ये मिळाली. इंग्रजांना समांतर कारभार चालवणाऱ्या प्रतिसरकारच्या कार्यकर्त्यांनी ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वेची पगाराची गाडी लुटली. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीच्या किल्ल्यातल्या तुरुंगातून पलायन केले. त्यांनी पहारेकऱ्यांच्या बंदुका ताब्यात घेतल्या आणि तटावरून खंदकात उड्या टाकल्या. वसंतदादांना गोळी लागली, दोन साथीदार हुतात्मा झाले. तट होता, खंदक होता, बंदूकधारी पहारा होता. पण बाहेरचा मुलूख सरकारचा राहिला नव्हता. घेऱ्यातली माणसे ज्याच्या बाजूने असतात त्याच्या बाजूने राखण असते, हे इंग्रजांना तारायंत्राच्या तारा कापल्या गेल्या, चावड्या जळाल्या तेव्हा कळले असणार.

कायद्याची चौकटही त्यांचीच. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ चा. रेल्वे, पाणी, वीज यांच्या जागा प्रतिबंधित म्हणून जाहीर करण्याची सोय त्यात आहे. स्वातंत्र्यानंतर सार्वजनिक कारखाने आणि धरणे वाढली तसा पहाऱ्याचा प्रश्न वाढला. १९६४ मध्ये रांचीच्या हेवी इंजिनिअरिंग कॉर्पोरेशनमध्ये मोठी आग लागली. त्या चौकशीनंतरच्या शिफारशींमधून केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल उभे राहिले. कायदा १९६८ चा, दलाची स्थापना १० मार्च १९६९ ची. विजेच्या नियमांनी उघड्यावरच्या उपकेंद्राला किमान १.८ मीटर उंचीचे कुंपण सक्तीचे केले. मात्र ही उंची ठरली ती कोणी चुकून विजेच्या तारांपाशी जाऊ नये म्हणून, म्हणजे अपघात टाळण्यासाठी. ठरवून येणाऱ्याला अडवायला तेवढेच पुरेल असे मानणे, ही आपल्याकडची सर्वांत महागडी गैरसमजूत आहे.

कोयनेचे उदाहरण इथे फार बोलके आहे. पोफळीचे मुख्य वीजघर डोंगराच्या पोटात आहे. सह्याद्रीच्या कातळाने जे संरक्षण दिले ते कुठलीही जाळी देणार नाही. तिथे राखायची ती बोगद्यांची तोंडे, स्विचयार्ड म्हणजे वीज पुढे सोडणारे उघडे आवार, आणि वाटा. उलट पठारावरच्या सौर प्रकल्पाची सगळी मालमत्ता उघड्यावर पसरलेली असते आणि तिथे येणारा चोर बहुधा तांब्याच्या केबलमागे असतो. या दोन जागांना एकच कुंपण सुचवणाऱ्याने दोन्ही जागा पाहिलेल्या नाहीत, असेच मी म्हणेन.

जाळीच्या निवडीतला मोठा बदल गेल्या काही दशकांतला. चेनलिंक म्हणजे तारा एकमेकींत गुंतवून विणलेली जाळी. तिची एक तार कापून ओढली की वीण उसवत जाते आणि चौकोन इतके मोठे की पायाला आधार मिळतो. म्हणून तुरुंगांसाठी आणि उपकेंद्रांसाठी ३५८ नावाची वेल्डेड जाळी पुढे आली. तिची भोके ३ इंच रुंद आणि अर्धा इंच उंच, तार ८ गेजची. बोट शिरत नाही, पक्कड चालत नाही, तरी पलीकडचे दिसते. ब्रिटनमध्ये अडथळ्यांची प्रतवारी हल्लेखोराची हत्यारे आणि त्याला थोपवलेली मिनिटे यांवरून करण्याची पद्धत रुजली आहे. आपल्या निविदांत हे आले पाहिजे. काटेरी तारेला आणि चेनलिंकला भारतीय मानके आहेत, पण ती मालाचा दर्जा सांगतात, रोखण्याचा अवधी नव्हे.

नुसत्या जाळीची मर्यादा १६ एप्रिल २०१३ रोजी कॅलिफोर्नियातल्या मेटकाफ उपकेंद्रावर उघडी पडली. हल्लेखोरांनी आधी संदेशवहनाच्या केबल कापल्या आणि मग चेनलिंकच्या बाहेरूनच गोळ्या झाडून १७ ट्रान्सफॉर्मर निकामी केले. आत कोणी पाऊलही टाकले नव्हते. त्यानंतर अमेरिकेत महत्त्वाच्या उपकेंद्रांच्या प्रत्यक्ष सुरक्षेसाठी सक्तीचे मानक आले.

तिथे दृष्टी अडवणारी भिंत हे उत्तर ठरले. सांगलीत नदीकाठी तेच उत्तर घातक ठरेल. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पूररेषेतली सलग भिंत पाणी तुंबवते किंवा स्वतः आडवी होते. जाळीतही पुराबरोबर आलेला उसाचा पाला आणि गवत अडकून तिची भिंतच बनते. त्यामुळे तिथे खांबाचा पाया खोल हवा, खालचा पट्टा मोकळा करता येईल असा हवा आणि राखणीचा भार कॅमेरा व माणसांवर जास्त हवा. गंजाचाही हिशेब जागेप्रमाणे बदलतो. महाबळेश्वरकडे वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस, जत-आटपाडीकडे ५०० सुद्धा मुश्किलीने. एकाच जस्ताच्या थराने दोन्हीकडे सारखी वर्षे काढावीत, ही अपेक्षा चूक आहे.

कोयना आणि चांदोली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात येतात. तिथे गव्यांच्या आणि सांबरांच्या वाटा आहेत, धारदार पात्यांची तार त्यांच्या उंचीवर लावणे क्रूरपणाचे आहे. कासच्या पठारावर फुले वाचवायला जाळी लावली, गुरांचे येणे-जाणे थांबले, त्याचा फुलांवरच परिणाम होतो अशी तक्रार झाली आणि अखेर जाळी काढावी लागली.

गायरानावर कुंपण घालताना हेच जास्त तीव्रपणे समोर येते, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची चराई असते, पाणवठा असतो, मसणवटीची वाट असते. वाट बंद झाली की जाळी कापली जाते आणि कापणारा चोर नसतो. म्हणून आखणीच्या नकाशावर गुराख्यांच्या वाटा आधी काढाव्यात, वाटेसाठी जागा सोडून कुंपण वळवावे आणि राखणीच्या नोकऱ्या त्याच गावात द्याव्यात. खांब रोवण्याआधी हा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवायला हवा.