टीडीएसचा आकडा आणि पाण्यातलं शिसं

सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याचा विषय निघाला की कुणीतरी पेनाएवढं मीटर ग्लासात बुडवून फोटो टाकतं: '८५ आला, पाणी एक नंबर.' कुणी शिशाची तपासणी करून घेऊ म्हटलं, तर उत्तर ठरलेलं असतं. टीडीएस एवढा कमी आहे, मग शिसं कुठून येणार? येऊ शकतं. कमी टीडीएसचं पाणी कधीकधी शिसं जास्तच विरघळवतं.

टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांची बेरीज: कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, क्लोराइड, बायकार्बोनेट. मीटर तीही थेट मोजत नाही. पाण्यातून वीज किती सहज वाहते ते पाहतं आणि त्याला एका ठरावीक गुणकाने गुणून आकडा दाखवतं. कोणता क्षार किती, हे त्याला कळत नाही. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे टीडीएस लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे हा आकडा मुख्यतः चवीचा आणि भांड्यांवर बसणाऱ्या पांढऱ्या थराचा.

शिशाची मर्यादा त्याच मानकात लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे आणि तिथे सवलत नाही. मीटरवरचा शेवटचा आकडा १ मिलिग्रॅमचा, शिशाची मर्यादा त्याच्या शंभराव्या भागाएवढी. गोण्या तोलायच्या काट्यावर चिमूटभर केशर ठेवण्यातला प्रकार. पाण्यात शिसं मर्यादेच्या दसपट असलं तरी ८५ चा आकडा ८५ च राहील. (आरओ विकायला आलेला माणूस पाण्यात दोन सळ्या घालून ते तपकिरी करून दाखवतो, तेही असंच. तो रंग बहुतांशी त्याच्याच लोखंडी सळीचा. आरओच्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही म्हणून ते स्वच्छ दिसतं, इतकंच.)

खरा फरक उगमाचा आहे. क्षार जमिनीतून, खडकातून येतात. म्हणून बोअरच्या तोंडाशी मोजला काय किंवा चौथ्या मजल्यावर मोजला काय, टीडीएस जवळपास सारखाच. शिसं बहुतेक वेळा वाटेत मिसळतं. पितळ लेथवर सहज कापलं जावं म्हणून त्यात शिसं घालतात, ते तोट्यांत आणि व्हॉल्व्हमध्ये असतं. जुन्या जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपच्या जस्ताच्या थरात असतं, डागकामात असतं. पीव्हीसी पाइपमध्ये ते स्थिरक म्हणून, म्हणजे प्लास्टिक उष्णतेने खराब होऊ नये म्हणून, वापरत. त्यावर केंद्राने २०२१ मध्ये नियम केले, पण भिंतीत आधीच गाडलेले पाइप तसेच आहेत.

आता कोकणातली जांभ्यातली विहीर घ्या. पाणी हलकं, टीडीएस अगदी कमी, पण अनेकदा किंचित आम्लधर्मी. मीटरवर ते उत्तम दिसतं, आणि धातू झिजवणारं पाणी नेमकं हेच. जड पाण्यात पाइपला आतून क्षारांचा थर चढतो, तो थोडाफार आडोसा करतो. (भरवशाचा नव्हे.) स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहराला १८५९ पासून लॉक कॅट्रिन तलावाचं अतिशय मृदू, चवीला सुरेख पाणी मिळत होतं. तेच पाणी घराघरांतल्या शिशाच्या नळ्या विरघळवत होतं. शेवटी त्यात आधी चुना आणि पुढे फॉस्फेट मिसळावं लागलं. इमारतीसाठी गच्चीवर सामाईक आरओ बसवून ते पाणी जुन्या पाइपांतून सोडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. आरओ शिसं काढतो हे खरं, पण त्याच्या पुढच्या पाइपात मिसळणारं कसं काढणार? उकळूनही ते जात नाही, उलट पाणी आटल्यावर प्रमाण वाढतं.

त्यामुळे नमुना कुठून आणि कधी घेतला याला टीडीएससाठी फारसं महत्त्व नाही, शिशासाठी सगळं महत्त्व आहे. गावपातळीवरच्या नेहमीच्या किटमध्ये क्लोरिन, फ्लोराइड, नायट्रेट वगैरे तपासतात. शिसं सहसा नसतं. त्यासाठी प्रयोगशाळाच हवी. विहिरीचा किंवा टाकीचा एकच नमुना पाठवून 'शिसं नाही' म्हणणं अर्धवट आहे. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी रात्रभर, निदान सहा तास, न वापरता ठेवायचं आणि सकाळी पहिल्या धारेचं एक लिटर भरायचं. नळ आधी सोडून बघायचा नाही, तोटीची जाळी त्याच दिवशी धुवायची नाही, गिझरचं पाणी घ्यायचं नाही. मग काही मिनिटं नळ सोडून दुसरी बाटली. पहिलीत शिसं जास्त आणि दुसरीत कमी आलं तर संशय तोटी आणि जवळच्या जोडावर. तोटी बदलून पुन्हा तपासणी. दोन्हींत जास्त आलं तर मागची लाइन, टाकी आणि मग स्रोत तपासत जायचं. बाटली प्रयोगशाळेकडूनच मागवावी, कारण नमुन्यात नायट्रिक आम्ल घालावं लागतं, नाहीतर शिसं बाटलीच्या भिंतीला चिकटून राहतं.

रिपोर्टवर 'बीडीएल' दिसलं तर तिथेच थांबू नका. त्याचा अर्थ एवढाच की यंत्राला दिसेल इतकं सापडलं नाही. यंत्राला किती दिसतं, ते शेजारच्या रकान्यात असतं. नसेल तर विचारून घ्या. १९९१ च्या जुन्या मानकात मर्यादा ०.०५ होती. प्रयोगशाळेची शोधमर्यादा अजून तेवढीच असेल, तर ०.०१ साठी तो रिपोर्ट काहीच सांगत नाही.