टास्कबारवर कुठल्या डेस्कटॉपच्या विंडो दिसाव्यात? या सेटिंगमागची जुनी भानगड

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग मल्टिटास्किंग उघडलं की व्हर्च्युअल डेस्कटॉपसाठी, म्हणजे एकाच स्क्रीनवर आलटून पालटून उघडता येणाऱ्या वेगवेगळ्या डेस्कटॉपसाठी, दोन ड्रॉपडाऊन दिसतात, एक टास्कबारचा आणि एक ऑल्ट-टॅबचा, म्हणजे त्या दोन कळा दाबून विंडो बदलतो त्या यादीचा. दोन्हीकडे प्रश्न तोच, फक्त चालू डेस्कटॉपवरच्या विंडो दाखवू का सगळ्याच? बहुतेक लोक तिकडे फिरकतही नाहीत, आणि मग एक दिवस टास्कबारवरून ब्राउझरची विंडो गायब झाली म्हणून शोधाशोध सुरू होते, ती बिचारी बाजूच्या डेस्कटॉपवर जशीच्या तशी उघडी असते.

हा गोंधळ विंडोज 10 मुळे सुरू झाला असं वाटतं खरं, पण तो त्याच्या कितीतरी आधीचा आहे. 1986 साली झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी रूम्स नावाची सिस्टिम मांडली. त्यांचं म्हणणं असं की स्क्रीन छोटी, विंडो भरपूर, त्यामुळे माणसाचा निम्मा वेळ विंडो हलवण्यात आणि उकरून काढण्यातच जातो, तर एकेका कामाच्या विंडोंची एकेक खोली करा आणि दारातून इकडून तिकडे जा. पण मग घड्याळ किंवा मेलसारख्या सगळीकडे लागणाऱ्या गोष्टींचं काय? त्यासाठी त्यांनी खिशाची सोय केली होती, खिशात टाकलेली विंडो प्रत्येक खोलीत दिसणार, आणि एखादी विंडो फक्त पुढच्या खोलीत न्यायची असेल तर ती सामान म्हणून सोबत घ्यायची. म्हणजे आज आपण ज्यावरून डोकं खाजवतो त्याचा विचार या दोघांनी तेव्हाच करून ठेवलेला, आणि माझ्या मते तो नंतरच्या बऱ्याच सिस्टिमपेक्षा जास्त नीट होता.

पुढे युनिक्सच्या एक्स विंडो या ग्राफिक्स सिस्टिमवर ही कल्पना पसरली. टॉम लास्ट्रेंज यांच्या एसडब्ल्यूएम या विंडो मॅनेजरमध्ये, म्हणजे विंडो सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, 1990 च्या सुमारास व्हर्च्युअल डेस्कटॉप आला, त्यात स्टिकी विंडो होत्या, म्हणजे तुम्ही कुठेही जा, ती विंडो समोरून हलत नाही. मग 1993 मध्ये एफव्हीडब्ल्यूएम वगैरे तसेच प्रोग्रॅम आले. पण या मंडळींकडे पेजर असायचा, सगळ्या डेस्कटॉपचा छोटा नकाशा, आजच्यासारखा टास्कबार नव्हता.

टास्कबार आला विंडोज 95 मध्ये, आणि तो अगदी वेगळ्या त्रासातून आला. विंडोज 3.1 मध्ये विंडो मिनिमाइझ केली की तिचा आयकॉन स्क्रीनच्या तळाशी जाऊन पडायचा आणि दुसऱ्या विंडोने झाकला जायचा, नवख्या लोकांना वाटायचं प्रोग्रॅम बंदच झाला. म्हणून ही कायम दिसणारी पट्टी, जे जे उघडं आहे ते सगळं इथे सापडणार. आणि खरी गोची इथेच आहे, कारण व्हर्च्युअल डेस्कटॉपचं काम काय तर बाकीचं नजरेआड करायचं, आणि टास्कबारचं काम काय तर काहीच नजरेआड होऊ द्यायचं नाही. दोघं एकाच स्क्रीनवर आले की कुणीतरी एकाने माघार घ्यायलाच लागते.

लिनक्सवाल्यांनी ही निवड सरळ वापरणाऱ्यावर सोडली. 1998 च्या केडीई 1.0 या लिनक्सच्या डेस्कटॉप सॉफ्टवेअरमध्ये टास्कबार आणि व्हर्च्युअल डेस्कटॉप दोन्ही एकत्र होते, आणि नंतर केडीईच्या टास्क मॅनेजरमध्ये फक्त चालू डेस्कटॉप, फक्त चालू स्क्रीन असे वेगवेगळे टिकमार्क आले. ग्नोम 2 या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या विंडो लिस्टमध्ये, म्हणजे त्याच्या टास्कबारमध्ये, तर अजून बारीक प्रश्न होता, दुसऱ्या वर्कस्पेसवरची (त्यांचा व्हर्च्युअल डेस्कटॉप) मिनिमाइझ केलेली विंडो टास्कबारवरून उघडली तर ती इथे आणू की तुम्हाला तिकडे नेऊ? दोन्हीचे पर्याय होते. मग 2011 मध्ये ग्नोम 3 ने विंडो लिस्टच काढून टाकली, म्हणजे प्रश्नच मिटवला, आणि त्यावरून लोक जे भडकले ते भडकले. ॲपलकडे 2007 मध्ये मॅकच्या लेपर्ड आवृत्तीसोबत स्पेसेस, म्हणजे त्यांचे व्हर्च्युअल डेस्कटॉप आले, पण मॅकची आयकॉनची पट्टी म्हणजे डॉक ॲपप्रमाणे चालतो, विंडोप्रमाणे नाही, त्यामुळे तो सगळ्या स्पेसमध्ये सारखाच राहतो आणि आयकॉनवर क्लिक केलं की ती विंडो जिथे असेल तिथे तुम्हाला उचलून नेतो. ते नको असेल तर बंद करता येतं.

विंडोजमध्ये मात्र 2015 पर्यंत बाहेरच्या टूल्सवरच भागवावं लागत होतं. त्यातली बरीचशी टूल्स फक्त विंडो लपवायची आणि परत दाखवायची, लपलेली विंडो टास्कबारवरूनही आपोआप जायची. सोपी युक्ती, पण टूल मध्येच क्रॅश झालं तर विंडो लपलेल्याच राहायच्या, प्रोग्रॅम चालू आणि विंडो कुठेच नाही. सिसइंटर्नल्स या टूलसंचातल्या डेस्कटॉप्स टूलने वेगळा रस्ता घेतला, त्यात प्रत्येक डेस्कटॉप म्हणजे विंडोजचा स्वतंत्र डेस्कटॉप ऑब्जेक्ट, आतून पूर्ण वेगळी जागा, आणि टास्कबारही वेगळा, पण विंडो जिथे जन्मली तिथेच अडकून बसायची, दुसरीकडे हलवताच येत नव्हती.

29 जुलै 2015 ला विंडोज 10 आलं, त्यात सगळ्या विंडो आणि डेस्कटॉप एकत्र दाखवणारा टास्क व्ह्यू आणि विंडोज-कंट्रोल-डी दाबून नवीन डेस्कटॉप, आणि सोबत ते दोन ड्रॉपडाऊन, डिफॉल्ट फक्त चालू डेस्कटॉप. ऑल्ट-टॅबचा पर्याय वेगळा ठेवला हे चांगलं केलं, मी टास्कबार चालू डेस्कटॉपपुरता ठेवतो आणि ऑल्ट-टॅब सगळ्यांसाठी, म्हणजे पट्टी स्वच्छ राहते आणि काही हरवतही नाही. 2016 च्या ॲनिव्हर्सरी अपडेटमध्ये टास्क व्ह्यूत विंडोवर राइट क्लिक करून ती सगळ्या डेस्कटॉपवर दाखवायची सोय आली, म्हणजे रूम्सचा खिसा तीस वर्षांनी विंडोजमध्ये पोचला. तरी फिल्टर काही पक्का नाही, दुसऱ्या डेस्कटॉपवरच्या एखाद्या ॲपला लक्ष वेधून घ्यायचं असेल तर त्याचा लुकलुकणारा आयकॉन इकडच्या टास्कबारवर येऊन बसतो.

विंडोज 11 मध्ये प्रत्येक डेस्कटॉपला वेगळा वॉलपेपर देता येतो, पण टास्कबारवर पिन केलेले आयकॉन अजूनही सगळ्या डेस्कटॉपना सामाईकच आहेत. कामाच्या डेस्कटॉपवर एक पिन आणि घरच्यावर दुसरी, असं हवं असेल तर आजही बाहेरचंच टूल शोधावं लागतं.