जलरंगातील कीटकचित्रण

जलरंगातील कीटकचित्रण : फुलपाखरे, भुंगेरे, चतुर, मधमाश्या अशा कीटकांची पारदर्शक जलरंगांनी कागदावर काढलेली निरीक्षणपर चित्रे व ती काढण्याची रीत. कीटकशास्त्राच्या ग्रंथांसाठी काटेकोर मापे घेऊन केलेली चित्रे हे या प्रकाराचे एक टोक. हौशी चित्रकार त्यातली थोडी शिस्त उचलतो आणि बाकी रंगांची मजा घेतो. शिकणाऱ्याच्या चुका हाताच्या कमी आणि डोळ्यांच्या जास्त असतात. किडा कसा दिसतो हे त्याला आधीपासून ‘माहीत’ असते, आणि समोरचा राहून तो माहितीतलाच किडा कागदावर उतरतो.

सात ठिपक्यांचा लेडीबर्ड भुंगेरा घ्या. सोपा वाटतो म्हणून बहुतेकांची सुरुवात त्यानेच होते. पाठीवरचा लाल घुमट म्हणजे उडण्याच्या नाजूक पंखांवर झाकणासारखे बसलेले दोन कडक पंख. ठिपके दोन्हींवर तीन-तीन. सातवा त्यांच्या जोडावर, पुढच्या टोकाला, अर्धा इकडे अर्धा तिकडे. त्यापुढच्या काळ्या भागावर दोन पांढुरके डाग असतात आणि नवशिके ते डोळे समजून रंगवतात. ते डोळे नव्हेत, आणि तो काळा भाग डोकेही नव्हे. ती वक्षाच्या, म्हणजे डोके व पोट यांच्यामधल्या भागाच्या, पहिल्या खंडाची ढाल. खरे डोके तिच्या पुढच्या कडेखालून जेमतेम डोकावते.

पायांचेही तसेच. कीटकाचे शरीर डोके, वक्ष आणि उदर अशा तीन भागांचे. सहाही पाय आणि असतील ते पंख वक्षालाच जोडलेले. हे पाठ असूनही भुंगेऱ्याचे मागचे पाय उदरातून फुटलेले काढले जातात, कारण वरून पाहताना फसगत होते. वक्षाचे दुसरे व तिसरे खंड कडक पंखांखाली झाकलेले असतात. त्यामुळे पुढची जोडी ढालीखालून, तर उरलेल्या दोन जोड्या थेट पंखांच्या कडेखालून निघालेल्या दिसतात. मेलेला नमुना मिळाला तर तो एकदा उताणा करून भिंगातून पाहावा. दहा चित्रांची नक्कल करून जे कळत नाही ते तिथे कळते.

कागद गुळगुळीत, म्हणजे हॉट प्रेस प्रकारचा, आणि शक्यतो दर चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा घेतात. खरखरीत कागदावर पायांवरच्या काट्यांची रेष तुटते. ब्रशबाबत एक गैरसमज पक्का असतो: बारीक काम म्हणजे बारीक ब्रश. तीन शून्यांचा (000) अतिबारीक ब्रश रंगच धरत नाही, स्पर्शिका (डोक्यावरची मिशी) अर्ध्यावर आली की कोरडा पडतो. दोन किंवा तीन क्रमांकाचा, भरपूर पोटाचा आणि सुईसारख्या टोकाचा ब्रश बरा. स्पर्शिका डोक्याकडून बाहेर, एका दमात, शेवटी दाब सोडत ओढायची. पंख पसरलेल्या फुलपाखरासाठी ट्रेसिंग पेपरवर अर्धेच रेखाटन करून ते उलटून दुसरी बाजू उतरवतात. फांदीवर बसलेल्या जिवंत किड्याला ही युक्ती लावली की तो टाचणीने टोचल्यासारखा दिसतो.

खरी कसोटी चकाकीची. भुंगेऱ्याची चकाकी धातूच्या रंगात किंवा चमकीत शोधणारे निराश होतात. जलरंगात ती कोऱ्या कागदातून येते. सर्वांत उजळ जागा पेन्सिलीने हलकेच आखून किंवा मास्किंग फ्लुइडने (वाळल्यावर सोलून काढता येणाऱ्या रबरी द्रवाने) झाकून पांढरी ठेवायची आणि तिच्या अगदी लगत सर्वांत गडद छटा द्यायची. उजेड आणि अंधार यांच्यात हळुवार उतार ठेवला तर पृष्ठभाग मखमली दिसतो, कडा तीक्ष्ण ठेवली तर पॉलिश केल्यासारखा. हिरव्या धातुई भुंगेऱ्यांचा रंग बहुधा रंगद्रव्याचा नसतो. कवचातल्या सूक्ष्म थरांवरून प्रकाश परावर्तित होऊन तो उमटतो आणि पाहण्याच्या कोनानुसार बदलतो. म्हणून जिथे पाठ वळून कडेला उतरते तिथे हिरवा निळसर होतो. एवढी एक निळी छटा योग्य जागी पडली की किडा गोल होतो. काळ्या किड्यांसाठी ट्यूबमधला काळा टाळावा. अल्ट्रामरीन (गडद निळा) व बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) यांच्या मिश्रणातून थंड आणि उबदार असे दोन्ही काळे मिळतात.

कीटकचित्रांचा वारसा जुना आहे. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५०५ मध्ये रंगवलेला शिंगाळा भुंगेरा आजही ताजा वाटतो, तो बव्हंशी त्याच्या खालच्या सावलीमुळे. जर्मनीत जन्मलेल्या चित्रकार मारिया झिबिला मेरियान (१६४७–१७१७) १६९९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या सुरीनामला गेल्या. तिथल्या कीटकांची रूपांतरणे त्यांच्या खाद्य वनस्पतींसह रंगवून त्यांनी १७०५ मध्ये ग्रंथरूपात प्रसिद्ध केली. अंडी, अळी, कोष आणि फुलपाखरू एकाच पानावर ही मांडणी आजच्या हौशी वहीलाही शोभते. इंग्लंडमधल्या मोझेस हॅरिसने फुलपाखरे रंगवली आणि अठराव्या शतकातच लाल, पिवळा, निळा या तिघांवर आधारलेले रंगचक्रही छापले. किडे रंगवणाऱ्याला रंगांचा हिशेब मांडावासा वाटला यात नवल नाही. स्वित्झर्लंडच्या कॉर्नेलिया हेसे-होनेगर यांनी १९८६ च्या चेर्नोबिल अणुभट्टी दुर्घटनेनंतर गोळा केलेल्या ढेकूणवर्गीय कीटकांची व्यंगे जलरंगात नोंदवली. त्यांच्या निष्कर्षांवर शास्त्रज्ञांत वाद झाला, पण चित्रांतला बारकावा थक्क करणारा आहे.

नमुना कोणता निवडावा, यावर बरेच अवलंबून असते. मेलेले भुंगेरे कोरड्या डबीत वर्षानुवर्षे टिकतात आणि बहुतेकांची झळाळीही टिकते, म्हणून सरावाला तेच उत्तम. चतुराचे तसे नाही. डोळ्यांतला आणि उदरावरचा रंग मेल्यावर लवकरच मळकट पडतो. त्यामुळे पंखांच्या शिरा आणि टोकाजवळचा छोटा रंगीत ठिपका वाळलेल्या नमुन्यावरून काढतात, आणि अंगाचे रंग मात्र पाणवठ्याकाठी जिवंत चतुर पाहून आधीच कागदाच्या पट्टीवर टिपून ठेवतात.