पार्श्वभूमी : कोच एड थॉमस आणि पार्कर्सबर्गचं मैदान

अमेरिकेच्या आयोवा राज्यातलं पार्कर्सबर्ग हे चहूबाजूंनी शेती असलेलं, जेमतेम दोन हजार वस्तीचं गाव. शेजारचं ॲप्लिंग्टन आणि हे गाव मिळून एक हायस्कूल चालतं. या एवढ्याशा शाळेचे चार माजी विद्यार्थी २००५ साली एकाच वेळी एनएफएलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमध्ये होते : ॲरन कॅम्पमन, ब्रॅड मीस्टर, जॅरेड डेव्रीज आणि केसी वीगमन. चौघांना शाळेत घडवलं ते एड थॉमस यांनी. त्याच वर्षी एनएफएलने त्यांना देशातला सर्वोत्तम हायस्कूल कोच म्हणून गौरवलं.

अमेरिकेतल्या छोट्या गावात हायस्कूलचा फुटबॉल कोच बहुधा शाळेतला शिक्षकच असतो. शुक्रवारी संध्याकाळी सामन्याला सगळं गाव लोटतं. आपल्याकडे तालमीतल्या वस्तादाला जो मान असतो, तोच तिथे कोचला. पोराच्या घरी काय चाललंय हेही त्याला ठाऊक असतं. थॉमस यांनी कोच म्हणून १९७२ मध्ये सुरुवात केली आणि १९७५ मध्ये ते पार्कर्सबर्गला आले, ते कायमचेच. ३७ वर्षांत २९२ विजय, ८४ पराभव, १९९३ आणि २००१ ची राज्य विजेतेपदं. आकडे मोठेच आहेत, पण गावात त्यांची ओळख याहून मोठी होती. ते चर्चमधले ज्येष्ठ पदाधिकारी होते, आणि शाळेच्या मैदानाची निगा स्वतः राखत. पाणी देणं, गवत कापणं, सगळं जातीने. त्या हिरव्यागार तुकड्याला लोक ‘पवित्र एकर’ म्हणू लागले होते.

२५ मे २००८ च्या रविवारी गावावर टोर्नेडो, म्हणजे जमिनीवरून गरगरत जाणारं भोवऱ्यासारखं वादळ आदळलं. टोर्नेडोची तीव्रता मोजणाऱ्या मापात ते ईएफ-५, म्हणजे सर्वांत वरच्या पायरीचं होतं. पार्कर्सबर्गमध्ये सात जण गेले, शेकडो घरं भुईसपाट झाली, हायस्कूलची इमारतही गेली. थॉमस यांचं स्वतःचं घर उरलं नाही. तरी काही दिवसांतच त्यांनी सांगून टाकलं, की या मोसमातला घरचा पहिला सामना याच मैदानावर होईल.

डोक्यावर छप्पर नसताना मैदानाची काळजी कशाला, असं बाहेरच्याला वाटू शकतं. मला ते अजिबात वावगं वाटत नाही. घरं बांधून व्हायला वर्ष-दोन वर्षं लागणार होती. सगळ्या गावाचं असं काहीतरी लवकर उभं राहायला हवं होतं आणि ते मैदानच असू शकत होतं. गवतात काचांचे तुकडे, खिळे, लाकडाच्या ढलप्या रुतून बसल्या होत्या. यंत्राने ते निघण्यासारखं नव्हतं. मग माणसं रांग धरून, खाली वाकून, हाताने एकेक तुकडा वेचत पुढे सरकली. सप्टेंबरमध्ये तिथे सामना झाला.

शाळा मात्र अजून बांधून व्हायची होती. म्हणून मुलांच्या वजनं उचलण्याच्या सरावाची तात्पुरती सोय शाळेच्या बसगाड्यांच्या शेडमध्ये केली होती. २४ जून २००९ च्या सकाळी तिथेच, मुलांच्या डोळ्यांदेखत, थॉमस यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते ५८ वर्षांचे होते. मारणारा त्यांच्याच संघातून खेळलेला, गंभीर मानसिक आजार असलेला तरुण होता. त्याचं कुटुंब थॉमस यांच्याच चर्चमधलं. आपल्याच गावातल्या, रोज समोर येणाऱ्या माणसांमध्ये हे घडलं.

त्याच दिवशी थॉमस यांचा मुलगा ॲरन याने लोकांना विनंती केली, की मारणाऱ्याच्या कुटुंबासाठीही प्रार्थना करा, तेही दुःखात आहेत. वडील जाऊन काही तासही नीट झाले नसताना हे बोलायला काय लागतं, याचा अंदाज बांधणंही अवघड आहे. पण वडिलांनी उभ्या जन्मात मुलांना जे शिकवलं त्याच्याशी हे बोलणं जुळणारं होतं. २०१० मध्ये थॉमस कुटुंबाला धैर्यासाठीचा आर्थर ॲश पुरस्कार देण्यात आला, त्यामागे मुख्यतः हीच वागणूक होती. ॲरन पुढे याच शाळेत क्रीडा विभागाचा प्रमुख म्हणून आला.

आरोपी मानसिक आजारामुळे निर्दोष असल्याचा बचाव ज्युरीने फेटाळला आणि मार्च २०१० मध्ये त्याला खुनाबद्दल दोषी ठरवलं. शिक्षा झाली ती जन्मठेपेची. पण एक प्रश्न गावाला सोडत नव्हता. हत्येच्या काही दिवस आधी या तरुणाने पोलिसांना गाडीचा पाठलाग करायला लावला होता आणि त्यानंतर त्याला मनोरुग्ण विभागात ठेवलं होतं. तिथून हत्येच्या आदल्या दिवशी त्याला घरी सोडलं, आणि पोलिसांना ते कळलंच नाही. पोलिसांनी आणलेल्या अशा रुग्णाला सोडण्याआधी त्यांना कळवलं गेलं पाहिजे, यासाठी आयोवाच्या विधिमंडळाने २०१० मध्ये कायदा केला.