सायकलस्वारांसाठी रस्त्यावरील चिन्हे व खुणा (ग्रामीण विदर्भ)

रस्त्याच्या कडेला उभारलेले वाहतूक फलक आणि डांबरावर रंगवलेले पट्टे सायकल चालवणाऱ्याच्या दृष्टीने कसे वाचावेत, याची ही नोंद. भारतात हे फलक मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये लावले जातात. त्यांचे आकार, रंग आणि जागा रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस (आयआरसी) या संस्थेच्या आयआरसी-६७ या संहितेत दिलेल्या आहेत, तर पट्ट्यांसाठी आयआरसी-३५ आहे. सायकल हे मोटार वाहन नाही आणि तिला परवाना लागत नाही. परवान्याच्या परीक्षेनिमित्त मोटारवाल्याला चिन्हांची जी ओळख होते, ती सायकलस्वाराला त्यामुळे होत नाही. विदर्भातील खेड्यांत शाळकरी मुली, शेतमजूर, दूधवाले असे अनेक जण रोज सायकलवर असतात. मानव विकास कार्यक्रमातून शासन आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देते. सायकलीबरोबरच तासभर बसवून फलक समजावून सांगणेही तितकेच गरजेचे आहे.

बहुतेक फलक मोटार चालवणारा समोर ठेवून लावलेले असतात. म्हणून सायकलस्वाराने प्रत्येक फलक दोनदा वाचावा: पुढचा रस्ता कसा आहे यासाठी एकदा, आणि मागून येणारी गाडी आता काय करील यासाठी एकदा. ‘अरुंद पूल’ हा त्रिकोणी फलक घ्या. ट्रकचालकाला तो वेग कमी करायला सांगतो. सायकलस्वाराला सांगतो की साइडपट्टी इथे संपते आणि बाजूला उतरायला जागा राहणार नाही. फलक पुलाच्या १०० मीटर आधी आहे असे धरू. ताशी १२ किलोमीटरने जाणारी सायकल ते अंतर ३० सेकंदांत कापते. तेवढ्या वेळात ताशी ६० किलोमीटरचा ट्रक ५०० मीटर येतो. म्हणजे सायकल फलकाजवळ असताना ४०० मीटर मागे असलेला ट्रक पुलाच्या तोंडाशी नेमका सायकलबरोबरच पोचतो. मागे वळून पाहण्याची जागा त्यामुळे पूल नसून फलक आहे. मोठी गाडी दिसली तर कडेला थांबून तिला आधी जाऊ द्यावे.

गोल फलक आज्ञा देतात, त्रिकोणी सावध करतात, चौकोनी माहिती देतात. याला दोन अपवाद आहेत. ‘थांबा’ हा लाल अष्टकोनी असतो आणि ‘रस्ता द्या’ हा उलटा त्रिकोण. दोन्ही आज्ञाच आहेत. आज्ञेच्या फलकांत सायकलस्वाराची सर्वाधिक गफलत ‘मनाई’च्या फलकांवर होते. लाल कड्याचे रिकामे पांढरे वर्तुळ म्हणजे दोन्ही बाजूंनी सर्व वाहनांना बंदी, आणि त्यात सायकल येते. त्याच वर्तुळात मोटार आणि मोटारसायकल असेल तर बंदी मोटार वाहनांपुरती असते, सायकल जाऊ शकते. वर्तुळात सायकलच असेल तर सायकलला बंदी. बैलबंडी किंवा हातगाडीच्या चित्राचे असे फलक वेगळे. ‘प्रवेश बंद’ आणि ‘एकेरी मार्ग’ सायकललाही लागू आहेत. निळ्या वर्तुळातील पांढरी सायकल सक्तीचा सायकलमार्ग दाखवते.

समृद्धी महामार्गावर सायकल आणि दुचाकी दोन्हींना बंदी आहे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता विदर्भात नागपूर, वर्धा, अमरावती, वाशीम, बुलडाणा या जिल्ह्यांतून जातो. सायकलने तो ओलांडायचा तो भुयारी मार्गाने किंवा वरच्या पुलाने. चौपदरी राष्ट्रीय महामार्गांवरचा प्रश्न वेगळा आहे. गावाचा फाटा एका बाजूला आणि दुभाजकातील कट दूर, म्हणून सायकली उलट्या बाजूने चालतात. तिथे एकेरी वाहतूक असते आणि समोरचा चालक त्या बाजूने कुणाची अपेक्षाच करत नाही. वळसा लांब पडला तरी सर्व्हिस रोड असेल तर तो धरावा; नसेल तर सायकल हातात घेऊन साइडपट्टीवरून चालत जावे. कट जिथे हवा तिथे नसणे ही रस्ता आखणाऱ्यांची चूक आहे, पण तिची किंमत सायकलवाला मोजतो.

त्रिकोणी फलकांपैकी ‘सुटी खडी’, ‘निसरडा रस्ता’, ‘उतार’ आणि ‘गतिरोधक’ हे सायकलस्वाराने चालत्या चाकावर ओळखायला हवेत. सुट्या गिट्टीवर पुढचा ब्रेक दाबून वळले की सायकल घसरते. वेग वळणाआधीच कमी करावा. आयआरसीच्या नमुन्याप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि मध्यभागी १० सेंटिमीटर उंच असतो आणि त्यावर काळे-पांढरे पट्टे असतात. गावोगावी घातलेले अरुंद, उभे ब्रेकर या मापात बसत नाहीत, आणि पट्टे नसतील तर तिन्हीसांजेला ते दिसतच नाहीत. चिखलदरा किंवा सेमाडोहच्या घाटात वळणाच्या फलकाचा दुसरा अर्थ असा की समोरून येणारी गाडी वळण तोडून आपल्या बाजूला येऊ शकते. तिथे आपली डावी कड सोडू नये.

रेल्वे फाटकाच्या इशाऱ्यात दूरच्या फलकावर दोन पट्ट्या असतात, जवळच्यावर एक. फाटकाचे चित्र म्हणजे रक्षक असलेले फाटक, इंजिनाचे चित्र म्हणजे रक्षक नसलेले. ‘शकुंतला’च्या अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ या नॅरोगेज मार्गावरची गाडी बंद झाली आहे, तरी जिथे रूळ अजून रस्त्यात आहेत तिथे धोका उरतोच. रस्ता रुळांना तिरका छेदत असेल तर चाक खाचेत अडकते, म्हणून रूळ काटकोनात ओलांडावेत आणि पावसात उतरून.

पट्ट्यांचा नियम सोपा आहे. मधली तुटक पांढरी रेघ सुरक्षित असेल तेव्हा ओलांडता येते, अखंड रेघ ओलांडू नये. एक तुटक आणि एक अखंड शेजारी असतील तर आपल्या बाजूची रेघ आपल्याला लागू. सायकलस्वारासाठी खरी महत्त्वाची आहे ती कडेची अखंड पांढरी रेघ. तिच्या बाहेर भरावाची साइडपट्टी असते. काळ्या मातीच्या भागात पावसाळ्यात ती खचते आणि डांबर व मुरूम यांच्यात पायरी तयार होते. ट्रकला वाट देताना कडेच्या रेघेबाहेर अचानक उतरणे अशा ठिकाणी धोक्याचे असते. जाड रंगाचे पट्टे ओले झाले की गुळगुळीत होतात. त्यांच्यावर ब्रेक लावू नये. वणी–घुग्गुस पट्ट्यात कोळशाच्या धुळीने रेघा झाकल्या जातात, सुगीत सोयाबीन वा धान रस्त्यावर वाळत घातल्यावर तेच होते. रेघ दिसत नाही म्हणून तिथे नियम नाही असे समजू नये.

रात्रीची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. फलकावरचा परावर्ती थर प्रकाश जिथून आला त्याच दिशेला परत पाठवतो. मागून आलेल्या गाडीच्या दिव्याने फलक उजळतो तो त्या चालकाच्या डोळ्यांना. बाजूला असलेल्या बिनदिव्याच्या सायकलस्वाराला तो अंधारच राहतो. सायकलीला पुढे दिवा असेल तरच तिच्या स्वाराला फलक वाचता येतो. मागचा लाल परावर्तक याच तत्त्वाने गाडीवाल्याला सायकल दाखवतो.

किलोमीटरच्या दगडाचा माथाही खूण आहे: पिवळा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य महामार्गाचा, केशरी ग्रामसडकेचा. पिवळा दगड दिसला की जड वाहने गृहीत धरावीत. नाल्यावरच्या रपट्याच्या (पुरात पाणी ज्यावरून वाहते अशा ठेंगण्या पुलाच्या) दोन्ही कडांचे खांब पुरात रस्त्याची हद्द दाखवतात, आणि पाण्याची खोली मोजण्याची पट्टी असेल तर तीही तिथेच असते. रपट्यावरून पाणी वाहत असताना सायकल घालू नये, मग पाणी घोट्याएवढे का असेना. प्रवाह चाकांना आडवा ढकलतो आणि खाली डांबर उरले आहे की नाही हे वरून कळत नाही. पांदण रस्त्यांवर फलक नसतात. पांदण डांबरी रस्त्याला मिळते तिथे ‘रस्ता द्या’चा फलक नसला तरी मुख्य रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचे असते.