पट्टा सुटल्यानंतर: अ‍ॅजिलिटीमागची बक्षिसाची परंपरा

अ‍ॅजिलिटी म्हणजे कुत्र्यांची अडथळ्यांची शर्यत. तिच्या रिंगणात धाव सुरू होण्याआधी हँडलर, म्हणजे सोबत धावून कुत्र्याला वाट दाखवणारा माणूस, त्याच्या गळ्यातला पट्टा काढतो. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वानसंघटनेच्या नियमांनुसार चालणाऱ्या स्पर्धांत पट्टा लावून धावता येत नाही. हातात किंवा खिशात खाऊ ठेवता येत नाही, खेळणं नेता येत नाही आणि धाव संपेपर्यंत कुत्र्याला हातही लावता येत नाही. समोर 15 ते 22 अडथळे असतात. त्यांचा क्रम हँडलरने काही मिनिटांपूर्वी कुत्र्याविना चालून पाहिलेला असतो. कुत्रा तो मार्ग पहिल्यांदाच बघतो. पुढची तीस-चाळीस सेकंदं माणसाकडे असतो तो फक्त आवाज, हातांचा इशारा आणि स्वतःच्या धावण्याची दिशा.

बक्षीस देऊन शिकवण्याची पद्धत या खेळात इतकी खोल का रुजली, याचं उत्तर मला या सुटलेल्या पट्ट्यात दिसतं. ही पद्धत वाढली ती दोरी पोहोचत नाही अशा जागी. आधी प्रयोगशाळेतल्या कबुतरांवर, मग तलावातल्या डॉल्फिनवर आणि बऱ्याच उशिरा कुत्र्यांवर. कुत्र्यापर्यंत यायला तिला एवढा वेळ लागला, याचं कारणही तेच आहे. कुत्र्याला दोरी बांधता येते.

खेळाचा जन्म अगदी अलीकडचा आहे. 1978 च्या फेब्रुवारीत लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात क्रफ्ट्स हे कुत्र्यांचं प्रदर्शन भरलं होतं. मुख्य रिंगणातल्या दोन कार्यक्रमांमधला रिकामा वेळ भरून काढायची जबाबदारी समितीतल्या जॉन वार्ली यांच्याकडे आली. घोड्यांच्या अडथळा-उड्यांची स्पर्धा त्यांच्या डोळ्यांसमोर होती. तसंच काही कुत्र्यांसाठी करता येईल का, असं त्यांनी पीटर मीनवेल या प्रशिक्षकांना विचारलं. मीनवेल यांनी अडथळे तयार केले, दोन संघ उभे केले आणि प्रेक्षकांना ते इतकं आवडलं की पुढच्याच वर्षी डिसेंबरात ऑलिंपियाच्या घोड्यांच्या प्रदर्शनातही हा खेळ झाला. 1980 साली ब्रिटनच्या केनेल क्लबने त्याला अधिकृत नियम दिले. अमेरिकेत 1986 साली यूएसडीएए ही संघटना निघाली, 1994 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने आपल्या स्पर्धा सुरू केल्या आणि 1996 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या मॉर्ज इथे एफसीआयची पहिली जागतिक स्पर्धा झाली. मधल्या वेळेची करमणूक म्हणून आलेला प्रकार अठरा वर्षांत जागतिक अजिंक्यपदापर्यंत पोहोचला.

पण खेळ नवा असला तरी त्यात उतरणारे प्रशिक्षक जुन्या तालमीतले होते. त्या काळच्या आज्ञापालनाच्या वर्गांची मुळं पोलीस आणि लष्करी कुत्र्यांच्या प्रशिक्षणात होती. जर्मनीत कॉन्राड मोस्ट यांनी 1910 साली लिहिलेल्या पुस्तिकेने या परंपरेला शिस्तबद्ध रूप दिलं. मोस्ट बक्षिसाला नाकारत नव्हते, आणि कोणत्या क्षणी काय करायचं याचं त्यांचं भान तर आजही वाखाणण्यासारखं आहे. पण सक्ती हा त्यांच्या पद्धतीचा कणा होता. अमेरिकेत 1962 नंतर विल्यम कोहलर यांची पद्धत पसरली. लांब दोरी लावायची, काही न बोलता चालत राहायचं आणि कुत्र्याचं लक्ष दुसरीकडे गेलं की उलट दिशेला वळायचं. गळ्याला हिसका बसला की कुत्रा माणसाकडे लक्ष ठेवायला शिकतो, हा हिशोब. कुत्रा शिकायचा, हे खरं आहे. त्याने शिकलेलं असायचं ते चूक टाळणं. माणसाच्या पायाशी चालायला एवढं पुरतं. माणसापासून दहा मीटर पुढे जाऊन, मागे न बघता, पूर्ण वेगाने बोगद्यात शिरायला ते पुरत नाही. मागच्या हिसक्याची धास्ती असलेला कुत्रा पुढे जायला कचरतो, आणि अ‍ॅजिलिटीत कचरणं घड्याळावर दिसतं.

दुसरा प्रवाह प्रयोगशाळेतला, आणि गंमत अशी की त्याच्या उगमाशी एक कुत्राच आहे. ब्रिटिश अभ्यासक लॉइड मॉर्गन यांच्याकडे टोनी नावाचा टेरियर होता. कुंपणाच्या गजांतून डोकं बाहेर काढता काढता एकदा फाटकाची कडी त्याच्या डोक्याने उचलली गेली आणि फाटक उघडलं. पुढे कितीतरी दिवस चुकत-माकत तो ती हालचाल नेमकी करायला शिकला. बघणाऱ्याला वाटावं, याला कडीचं तंत्र कळलंय. मॉर्गन यांनी शिकण्याची सगळी पायरी पायरी पाहिली होती, म्हणून ते फसले नाहीत. एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1898 मध्ये मांजरांना पेटाऱ्यात ठेवून हेच मोजून दाखवलं: ज्या कृतीनंतर सुटका आणि अन्न मिळतं, ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते. बी. एफ. स्किनर यांनी 1930 च्या दशकात यावर पूर्ण शास्त्र उभं केलं.

खरा उजेड पडला तो 1943 मध्ये, मिनिआपोलिसच्या एका पिठाच्या गिरणीच्या वरच्या मजल्यावर. क्षेपणास्त्राला दिशा देण्यासाठी कबुतरं तयार करण्याच्या युद्धकालीन प्रकल्पावर स्किनर आणि त्यांचे सहकारी काम करत होते. रिकाम्या वेळात त्यांनी एका कबुतराला चोचीने लाकडी चेंडू ढकलायला शिकवायचं ठरवलं. कबुतर चेंडू ढकलेल याची वाट बघत बसले, पण ते ढकलेना. मग त्यांनी हातातल्या बटणाने, नुसतं चेंडूकडे पाहिलं तरी दाणे द्यायला सुरुवात केली. मग जवळ जाण्यासाठी. मग स्पर्शासाठी. काही मिनिटांत कबुतर चेंडू भिंतीवर आपटत होतं. पूर्ण कृतीची वाट न बघता तिच्या दिशेने पडलेल्या प्रत्येक पावलाला दाद द्यायची, यालाच आज ‘शेपिंग’ म्हणतात. आज कुत्र्याचे मागचे पाय फळीवर कसे ठेवायचे हे शिकवणारा माणूस त्या गिरणीतलंच काम करत असतो.

स्किनर यांनी 1951 मध्ये सर्वसामान्य वाचकांसाठी एक लेख लिहून कुत्र्याला हे कसं शिकवायचं ते सांगितलं. दाबल्यावर ‘टिक्’ वाजणारं पत्र्याचं खेळणं, म्हणजे आजचा क्लिकर, त्यात त्यांनी सुचवलं होतं. आवाज म्हणजे खाऊ येणार, एवढं कुत्र्याला कळलं की नेमका क्षण टिपता येतो. पुढच्या वर्षी एका मासिकाच्या छायाचित्रकारासमोर त्यांनी एका डाल्मेशियन कुत्रीला भिंतीवर आखलेल्या रेघांपर्यंत उंच उडी मारायला शिकवलं. आवाजाऐवजी वापरला तो कॅमेऱ्याचा लखलखाट. क्लिकर, शेपिंग, उडी असं सगळं साहित्य 1952 मध्ये तयार होतं. क्रफ्ट्समधली ती पहिली अ‍ॅजिलिटी सव्वीस वर्षं लांब होती आणि कुत्र्यांच्या वर्गांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी तर 1940 च्या दशकातच कुत्र्यांच्या प्रशिक्षकांपर्यंत ही पद्धत न्यायचा प्रयत्न केला होता. प्रतिसाद मिळाला नाही, म्हणून त्यांनी जाहिरातींसाठी कोंबड्या शिकवल्या, पुढे डुकरं, रॅकून आणि सागरी प्राणीही. मला हा प्रसंग चटका लावून जातो. चाळीस-पन्नास वर्षं कुत्र्यांना जे मिळू शकत होतं, ते कोंबड्यांना मिळालं.

डॉल्फिनजवळ मात्र पर्यायच नव्हता. डॉल्फिनला साखळी घालता येत नाही. तो नाराज झाला की तलावाच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि विषय संपतो. तिथे ब्रेलंड यांचं तंत्र आणि शिट्टी यांवरच सगळं उभं राहिलं. हवाईतल्या सी लाइफ पार्कमध्ये 1963 पासून कॅरेन प्रायर हे काम करू लागल्या. 1984 मध्ये त्यांचं ‘डोन्ट शूट द डॉग’ हे पुस्तक आलं. नावात कुत्रा असला तरी ते मुख्यतः माणसांच्या वागण्याबद्दल होतं. कुत्रेवाल्यांनी ते आपलं करून घेतलं. त्याच दशकात इयन डनबार या पशुवैद्यांनी पिल्लांना पट्ट्याविना, खाऊच्या मदतीने शिकवायचे वर्ग लोकप्रिय केले. 1992 मध्ये प्रायर आणि गॅरी विल्क्स यांनी प्रशिक्षकांसाठी क्लिकरच्या कार्यशाळा सुरू केल्या. अ‍ॅजिलिटी तेव्हा झपाट्याने वाढत होती आणि या वर्गांत बसलेल्यांमध्ये त्या खेळातली माणसं मोठ्या संख्येने होती. त्यांना गरजच होती.

गरज कुठे होती हे बघायचं तर अडथळ्यांवर रंगवलेल्या पिवळ्या पट्ट्याकडे बघावं. ए-फ्रेम (दोन उतरत्या फळ्यांचा छपरासारखा चढ), डॉगवॉक (उंचावरची अरुंद फळी) आणि सी-सॉ (वर-खाली झुलणारी फळी) या अडथळ्यांच्या टोकांना वेगळ्या रंगाचा भाग असतो. उतरताना निदान एक पाऊल त्यावर पडलं पाहिजे, नाहीतर पाच गुणांचा दंड. हा नियम मुळात सुरक्षेचा आहे. वरूनच झेप घेतली तर खांद्यांवर वाईट भार येतो. पण वेगात आलेल्या कुत्र्याला त्या रंगाचं काय? पूर्वी तिथे कमान उभी करत, पट्टा धरून खाली आणत, वरून उडी मारली की ओरडत. रागावणीचा परिणाम असा व्हायचा की कुत्रा अख्ख्या डॉगवॉकवरच दबकत चालायचा. चूक नेमकी कुठे झाली हे त्याला कळायचं नाही, कळायचं एवढंच की ही फळी धोक्याची आहे.

बक्षिसाच्या पद्धतीने प्रश्न उलटा केला: पाय कुठे हवेत ते आधी शिकवू. ‘टू ऑन, टू ऑफ’ म्हणजे पुढचे पाय जमिनीवर, मागचे फळीवर, आणि तिथे थांबायचं. हे जमिनीलगतच्या फळीवर, शेवटच्या टप्प्यापासून शिकवलं जातं. एकेक टप्पा मागे जोडत गेलं की कुत्रा नेहमी अनोळखी गोष्टीकडून ओळखीच्या, बक्षिसाच्या जागेकडे धावत असतो. मग वेग आपोआप येतो. स्लोव्हेनियाच्या सिल्विया तर्कमान यांनी पुढची पायरी गाठली. कुत्र्याला न थांबवता, पळण्याच्या लयीतच योग्य पाऊल पडलं की बक्षीस. हे शेकडो वेळा करावं लागतं आणि माणसाची नजर पक्की लागते, पण कुत्र्याला स्वतःचं पाऊल कळतं यावर तो सगळा डोलारा आहे. मला या खेळातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

वीव्ह पोल्सची कहाणीही तीच. ओळीत 12 खांब, मधलं अंतर 60 सेंटिमीटर, पहिला खांब कुत्र्याच्या डाव्या खांद्याला ठेवून शिरायचं आणि एकही न चुकवता नागमोडी जायचं. कुठलाही कुत्रा आपणहून असं करणार नाही. पट्ट्याने ओढत नेलेला कुत्रा ओढलं जायला शिकतो, वाट शोधायला शिकत नाही. मग खांबांच्या दोन रांगा करून त्या हळूहळू जवळ आणायची पद्धत आली. कॅनडाच्या सुझन गॅरेट यांनी फक्त दोन खांबांपासून सुरुवात करायची रीत प्रसिद्ध केली. कुत्र्याने त्यांमधून जायचा विचार स्वतः केला की खेळणं पुढच्या रेषेत फेकायचं. बक्षीस कुठे पडतं, हेच इथे दिशादर्शन असतं.

आता उरतो तो प्रश्न: रिंगणात खाऊच नाही तर सरावातल्या खाऊचा उपयोग काय? खाऊ दाखवून काम करून घेतलं असेल तर काहीच नाही; ती लाच झाली, आणि हात रिकामा दिसताच कुत्रा थांबतो. बक्षीस कृतीनंतर येतं, कुठून येईल हे कुत्र्याला दिसत नाही आणि दर वेळी येतंच असंही नाही. शिवाय डेव्हिड प्रेमॅक यांनी 1959 मध्ये मांडलेलं तत्त्व इथे कामी येतं: प्राण्याला जी कृती करायला आवडते ती कमी आवडत्या कृतीचं बक्षीस होऊ शकते. सुरुवातीच्या रेषेवर शांत बसलास, तर पहिली उडी. फळीच्या टोकाला थांबलास, तर पुढचा बोगदा. अडथळेच बक्षीस झाले की खिसा रिकामा असल्याने बिघडत नाही. म्हणूनच, थांबलेला कुत्रा परवानगीआधीच सुटला आणि तरी आपण धावत राहिलो, तर आपण त्या घाईलाच बक्षीस देतो. स्पर्धेच्या भरात जवळजवळ प्रत्येकाकडून हे होतं आणि पुढच्या चार स्पर्धांत त्याची किंमत मोजावी लागते.

बक्षिसाला मर्यादा नाहीत असं मात्र नाही. ब्रेलंड दांपत्यानेच 1961 मध्ये लिहून ठेवलं की नाणं डब्यात टाकायला शिकवलेला रॅकून ती नाणी एकमेकांवर घासत बसायचा, जणू अन्न धुतोय. जातीचा स्वभाव डोकं वर काढतोच. बॉर्डर कोली धावत्या हँडलरच्या टाचांकडे झेपावतो तेव्हा त्याच्यातला मेंढपाळ जागा झालेला असतो. असा कुत्रा आधीच उत्तेजित असतो. त्याला अजून पेटवणारं खेळणं नको, शांत खाऊ हवा. कोणतं बक्षीस कोणत्या कुत्र्याला, हे ओळखणं हेच अर्धं प्रशिक्षण आहे.

दरम्यान पुरावाही जमत गेला. ब्रिटनमधल्या 2004 च्या पाहणीत बक्षिसाने शिकवलेल्या कुत्र्यांचं आज्ञापालन सरस आढळलं, तर शिक्षेचा संबंध वर्तनाच्या तक्रारींशी दिसला. पोर्तुगालमधल्या 2020 च्या अभ्यासात प्रशिक्षणशाळांतले 92 कुत्रे पाहिले गेले. शिक्षा वापरणाऱ्या शाळांतल्या कुत्र्यांमध्ये तणावाच्या खुणा अधिक होत्या आणि प्रशिक्षणानंतर लाळेतलं कॉर्टिसोल हे तणावाचं संप्रेरक जास्त वाढलेलं होतं. 2021 मध्ये अमेरिकेतल्या पशुवर्तन-वैद्यकांच्या संघटनेने सर्व प्रकारच्या प्रशिक्षणासाठी बक्षिसाचीच पद्धत वापरावी, अशी भूमिका जाहीर केली.

एफसीआयच्या स्पर्धेत उतरायला कुत्रा किमान 18 महिन्यांचा लागतो, कारण वाढत्या सांध्यांना उड्यांचा भार सोसत नाही. पूर्वी हा काळ वाट बघण्यात जायचा. आता त्यात खेळणं आणून देणं, हाताच्या इशाऱ्यावर वळणं, मागच्या पायांचं भान, गर्दीत शांत बसणं असं सगळं शिकवून होतं, तेही एकही उडी न मारता. काही संघटनांनी तर गुण सोडून दिले तर सरावासाठी रिंगणात खेळणं नेण्याची मुभाही दिली आहे. बाकीच्या ठिकाणी खाऊचा डबा रिंगणाबाहेर, निर्गमनाच्या दाराशी ठेवलेला असतो. शेवटची उडी झाली की गुणफलकाकडे कुणी बघायच्या आत कुत्रा आणि माणूस दोघेही त्या डब्याकडे पळत सुटतात.