रानडुकराच्या शिकारीची चटक लागते कशी, आणि डुकरं तरीही वाढतात कशी

अमेरिकेत हरणाची शिकार करायची तर सीझनची वाट बघावी लागते, परवाना काढावा लागतो आणि किती मारायची त्यालाही मर्यादा असते. टेक्सासमध्ये रानडुकराला यातलं काहीच लागू नाही. बाराही महिने मारा, दिवसा मारा नाहीतर रात्री थर्मल दुर्बीण लावून मारा, कितीही मारा. २०११ मध्ये पैसे भरून हेलिकॉप्टरमधून गोळ्या घालायची सोय झाली, २०१७ मध्ये हॉट एअर बलूनची भर पडली (एवढ्या संथ वाहनातून डुकराचा पाठलाग करायची आयडिया कुणाच्या डोक्यात आली असेल देव जाणे), आणि २०१९ पासून खासगी जमिनीवर मालक हो म्हणाला की शिकारीचं लायसन्सही लागत नाही.

एवढी मोकळीक का, तर हे जनावर मुळात तिथलं नाहीच. १५३९ मध्ये एर्नांदो दे सोतो हा स्पॅनिश मोहीमवीर फ्लोरिडात उतरला तेव्हा त्याच्या सोबत पाळीव डुकरं होती, त्यातली काही सुटली. मग १९१२ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात शिकारीच्या हौसेसाठी मुद्दाम युरोपातली खरी रानडुकरं आणून कुंपणात ठेवली, तीही पुढे पळाली आणि दोन्ही रक्तं मिसळली. आता ६० लाखांच्या वर डुकरं आहेत असा सरकारी अंदाज आहे, किमान ३५ राज्यांत, आणि शेतीचं नुकसान वर्षाला अब्जावधी डॉलर. एका रात्रीत कळप शेतात शिरला की पेरलेला मका ओळीच्या ओळी उकरून खाल्लेला असतो. त्यामुळे इथे शिकाऱ्याला अपराधी वाटायचं कारणच उरत नाही, उलट शेतकरी थँक यू म्हणतो. हौस पण झाली आणि पुण्य पण मिळालं!

पण नुसतं पुण्य मिळतं म्हणून कोणी रात्र रात्र डास चावून घेत बसत नाही. खरी गंमत मेंदूत आहे. मेंदूचे अभ्यासक वोल्फ्राम शुल्त्झ आणि सहकाऱ्यांनी माकडांवर प्रयोग केले, त्यात २००३ साली असं दिसलं की बक्षीस मिळणार की नाही हे जेव्हा अगदी फिफ्टी-फिफ्टी असतं, तेव्हा वाट बघण्याच्या काळात डोपामिन (बक्षिसाची ओढ लावणारं मेंदूतलं रसायन) सोडणाऱ्या पेशींची सक्रियता सगळ्यात जास्त चढत जाते. मिळणारच हे नक्की असलं की ती चढण दिसत नाही. शिकार म्हणजे तासन् तास हीच अवस्था. बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांचा अभ्यास झालाय, ते पोटासाठी शिकार करतात, शौकासाठी नाही, तरी सावज मिळालं की त्यांचं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन वाढतं आणि घरी पोचेपर्यंत वाढलेलंच राहतं. म्हणजे हे प्रकरण बंदुकीपेक्षा फार जुनं आहे.

त्यात रानडुक्कर हे सावजच असं की डोकं चालवावं लागतं. त्याची नजर तशी बेताचीच, पण नाक भयंकर, म्हणून शिकारी खिशात बारीक पावडरची बाटली ठेवतात आणि दर थोड्या वेळाने हवेत फुस्सकन उडवून वारा कुठून येतोय ते बघतात, वारा फिरला की रात्र वाया. नराचे खालचे सुळे वरच्या सुळ्यांवर सतत घासले जातात, म्हणजे नुसतं तोंड हलवता हलवता पातं आपोआप धारदार राहतं. आणि नर आपसात मारामारी करताना खांद्यावरच वार करतात, म्हणून तिथे कातडीखाली चिवट जाड थर तयार होतो, शिकारी त्याला ढालच म्हणतात. हृदय हरणाच्या मानाने खाली आणि पुढे असतं, त्यामुळे हरणाची सवय असलेल्याने नेहमीसारखा खांद्यामागे नेम धरला तर जनावर जखमी होऊन झाडीत पळतं, आणि मग अंधारात माग काढत जायचं म्हणजे काय ते तुम्हीच समजा.

मांसाचंही आकर्षण आहेच, पण मोठ्या नराच्या मांसाला कधी कधी उग्र वास येतो. तो मुख्यतः अँड्रोस्टेनोन आणि स्कॅटोल या दोन रसायनांचा. गंमत म्हणजे अँड्रोस्टेनोन कसं लागतं हे बऱ्याच अंशी खाणाऱ्याच्या ओआर७डी४ या जीनवर ठरतं, एकाला मुतासारखा वास येतो, दुसऱ्याला काहीच जाणवत नाही, त्यामुळे यावरची शिकाऱ्यांची भांडणं मिटत नाहीत आणि दोघेही खरंच बोलत असतात. बाकी सोलताना हातमोजे हवेतच, ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूंचा आजार असाही लागतो, आणि मांस नीट शिजवायचं.

आता उलटा हिशोब. मादी सहा-आठ महिन्यांत वयात येते, गाभण काळ साधारण ११५ दिवस, वर्षात दोन वेतं होऊ शकतात. टेक्सासमधल्या अभ्यासकांच्या हिशोबाने आकडा नुसता स्थिर ठेवायला दरवर्षी दोन तृतीयांश डुकरं काढावी लागतात, आणि शिकार न् सापळे सगळं धरून निघत होती तीसेक टक्के. त्यातही शिकाऱ्याला हवा असतो मोठा सुळेवाला नर. पण पैदास कळपातल्या माद्यांवर चालते, आणि एकावर बार झाला की बाकीचा कळप जागा बदलतो, रात्रीचाच फिरायला लागतो, पुढच्या वेळी आणखी सावध असतो.

टेनेसीने तर हे अनुभवून बघितलं. १९९९ मध्ये राज्यभर शिकार खुली केली, मर्यादा नाही, आणि पुढच्या बारा वर्षांत डुकरं कमी व्हायच्या ऐवजी जिथे कधीच नव्हती अशा ठिकाणी दिसायला लागली. शेजारच्या जंगलातून चालत आली म्हणावं तर मधला पट्टा रिकामा! लोकांनीच ट्रेलरमध्ये घालून आणून सोडली होती, आपल्या भागातही शिकार मिळावी म्हणून. आमच्या मते सगळ्या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे, डुकराचा प्रसार करणारा सगळ्यात मोठा प्राणी त्याच्या मागे बंदूक घेऊन फिरणारा निघाला. २०११ मध्ये टेनेसीने खुली शिकार बंद केली. कॅन्ससने तर २००६ मध्येच हौशी शिकारीवर बंदी घातली होती, मिसुरीच्या वन्यजीव विभागाने २०१६ मध्ये आपल्या जमिनींवर घातली.

तिथे आता मोठ्या गोल जाळीच्या कुंपणात मका टाकतात, कळपाला आठवडाभर येऊन जाऊन सवय होऊ देतात, कॅमेरा फोनवर चित्र पाठवत राहतो आणि शेवटचं पिल्लू आत शिरल्यावरच घरबसल्या बटण दाबून फाटक पाडतात. अख्खा कळप एका फटक्यात जातो. हे बघायला मात्र पैसे भरून कुणी येत नाही.